सॉनासाठी थ्री फेज जोडणीची परवानगी, आणि माझ्यावर घालायच्या अटी

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती, आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
पुणे

विषय : सदनिका बी-६०२ मध्ये सॉना बसवण्याबाबतचा आधीचा अर्ज मागे घेऊन नवीन अर्ज

मा. अध्यक्षसाहेब,

गेल्या बैठकीत माझा सॉनाचा, म्हणजे हीटरने तापवलेल्या बंद केबिनमध्ये घाम काढत बसण्याच्या सोयीचा, अर्ज निघाला तेव्हा आपण म्हणालात, "काका, एप्रिलमध्ये गच्चीवर जाऊन बसा, फुकटात सॉना." मीही हसलो. पण त्याच बैठकीत कुणीतरी म्हणालं, "गिझरच्या पॉइंटवर चालणार असेल तर परवानगी कशाला हवी?" आणि दोन मिनिटांत विषय मंजूर झाला. मंजुरी मलाच मिळाली असली तरी ती मला मान्य नाही. सॉनाचा हीटर गिझरच्या पॉइंटवर चालत नाही. चालवला, तर काय होतं हे भोसरीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं मेंटेनन्स केलेल्या माणसाने समितीला सांगायला हवं होतं. ते त्या दिवशी राहिलं.

आपला नेहमीचा गिझर २ किलोवॅटचा. २३० व्होल्टवर तो पावणेनऊ अँपिअरच्या आसपास करंट घेतो आणि दहा-पंधरा मिनिटांत बंद होतो. माझ्या केबिनसाठी ६ किलोवॅटचा हीटर लागेल. ढोबळ हिशोब असा की केबिनच्या एका घनमीटरला एक किलोवॅट. विक्रेत्याने सुचवलेलं पूर्ण काचेचं दार मी नाकारलं, कारण काच उष्णता धरत नाही आणि तेवढ्यासाठी हीटर आणखी मोठा घ्यावा लागतो. तर हे ६ किलोवॅट सिंगल फेजवर टाकले की एकाच वायरमधून २६ अँपिअर जाणार. आपल्या भिंतीतला मोठा पॉइंट १६ अँपिअरचा. शिवाय केबिन तापायलाच अर्धा-पाऊण तास लागतो आणि तेवढा वेळ हीटर पूर्ण ताकदीने चालू असतो.

करंट तिप्पट झाला की ढिल्या जोडावरची उष्णता तिप्पट होत नाही, नऊपट होते. गिझरच्या भाराखाली वीस वर्षं निमूट बसलेल्या स्क्रूभोवतीचं प्लास्टिक सॉनाच्या भाराखाली वितळू लागतं.

हे पुस्तकी वाटत असेल तर माझ्याच घरातलं सांगतो. काही वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातला एमसीबी (करंट जादा झाला की वीज तोडणारा स्विच) सारखा पडायचा. मी गावाला होतो. वायरमनने १६ चा काढून २५ चा बसवला, आणि पडणं थांबलं म्हणून घरात सगळे खूश. चार महिन्यांनी सौभाग्यवतींना फ्रीजमागून जळका वास आला. बोर्ड उघडला तर आतली वायर पापडासारखी कडक झालेली. एमसीबी पडत होता तो वायर वाचवण्यासाठी. आम्ही राखणदारच बदलला. माझ्यासारख्याच्या घरात हे झालं. बाकीच्या घरांत काय काय बसवलेलं असेल, हा विचार मी रात्री करत नाही.

म्हणून मला मागायची आहे ती थ्री फेज जोडणी, म्हणजे एकाऐवजी तीन तारांतून येणारी वीज. हाच हीटर तीन फेजवर जोडता येतो. मग प्रत्येक फेजवर २ किलोवॅट, म्हणजे एका गिझरइतकाच भार येतो. आज माझा मंजूर भार ५ किलोवॅट, सिंगल फेज आहे. तो वाढवण्याचा अर्ज मी महावितरणकडे करणार आहे. परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट त्याला जोडावा लागतोच. समितीची गरज आहे ती मीटर रूमपासून सहाव्या मजल्यापर्यंत डक्टमधून (केबल नेण्याच्या उभ्या पोकळीतून) नवी केबल ओढण्यासाठी. आपली इमारत १५ मीटरपेक्षा उंच आहे, त्यामुळे वीज सुरक्षेचे जादा नियम तिला लागू आहेत. त्या डक्टमध्ये आज इंटरनेटवाल्यांच्या गुंडाळ्या, एक जुनी ट्यूबलाइट आणि कुणाचं तरी पायपुसणं आहे. ते आधी निघायला हवं. माझा सॉना होवो न होवो.

केबिनच्या आतलं काम समितीने बघायचं नसतं असं कुणी म्हणेल. आगीला सदनिकेचा नंबर वाचता येत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंशांपर्यंतचं असतं. सॉनात वरच्या बाकापाशी ८०-९० अंश सहज होतात, छताजवळ त्याहून जास्त. आंतरराष्ट्रीय नियमात केबिनच्या वरच्या भागातल्या वायरला १७० अंश सोसणारं आवरण सांगितलं आहे. मी आत उष्णतारोधक वायरच वापरीन, जोडपेटी जमिनीलगत ठेवीन, स्विच बाहेर ठेवीन आणि आत एकही सॉकेट देणार नाही. दार बाहेर उघडेल आणि त्याला कडी नसेल. हीटरला टायमर आणि उष्णता मर्यादेपलीकडे गेली की तोडणारा कटआउट असेल. सॉना चालू असताना गिझर आणि बेडरूमचा एसी आपोआप बंद राहील अशी कॉन्टॅक्टरची (विजेवर आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचची) जोडणी करून घेणार आहे. आपल्या जनरेटरवर सॉना कधीही येणार नाही, हे लेखी देतो.

आता ज्या गोष्टीची मला खरी धास्ती आहे ती. हीटरच्या कॉइलमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते आणि ती दमट हवा पिते. कारखान्यात दिवाळीच्या सुट्टीनंतर ओव्हन चालू करताना आम्ही आधी मेगर (इन्सुलेशन तपासणारं यंत्र) लावून बघायचो. इथे पुण्याचा पावसाळा. जून ते सप्टेंबर सॉना बंद राहिला की पहिल्याच दिवशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) पडणार. मग बोलावलेला वायरमन सांगणार, "साहेब, हीटरमध्ये काही नाही, हा आरसीसीबीच नाजूक आहे, डायरेक्ट करून देतो." तो डायरेक्ट करेल, आणि त्यानंतर घरातला एकही गळका करंट कुणी अडवणार नाही. त्यात ओल्या पायाने गिझरखाली उभं राहणंही आलं. माझी विनंती आहे की परवानगीपत्रात स्पष्ट अट घाला : आरसीसीबी बायपास केलेला आढळल्यास परवानगी रद्द. दर पावसाळ्यानंतर मेगरचं रीडिंग मी कार्यालयात देईन. जानेवारी-जुलैत अग्निशमनाचा फॉर्म बी (आगीपासूनची यंत्रणा चालू असल्याचं सहामाही प्रमाणपत्र) भरताना येणाऱ्या एजन्सीला माझी केबिनही दाखवा.

ए विंगमधल्या एका सभासदांकडे आहे ती इन्फ्रारेड केबिन. ती दोनेक किलोवॅटची असते, ४५-६० अंशांवर चालते आणि १६ अँपिअरच्या सॉकेटवर खरंच भागते. त्यांना माझ्या अटी लावू नका, आणि त्यांचा दाखला देऊन मलाही सूट देऊ नका. दोन्हींना विक्रेते सॉनाच म्हणतात, तिथेच घोटाळा होतो.

हे वेड कुठून आलं असं अनेकांनी विचारलं. मुलगी फिनलंडमध्ये एस्पोला असते. ५५ लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या देशात ३० लाखांवर सॉना आहेत. तिच्या फ्लॅटमध्येही बाथरूमला लागून एक होता, पण आम्ही गेलो तेव्हा आत सुटकेसी आणि हिवाळी बूट भरलेले. जावई हीटर लावण्याआधी प्रत्येक वस्तू बाहेर काढून, मोजून ठेवत होता. तिथे सॉनाचा अडगळीची खोली म्हणून वापर आणि चुकून चालू झालेला हीटर यातून आगी लागतात, असं तो म्हणाला. आपल्याकडे अडगळीबाबत जो हात सैल आहे तो पाहता, माझ्या केबिनमध्ये दिवाळीचे आकाशकंदील सापडले तर दंड लावा.

तिथल्या जुन्या इमारतींत मात्र तळघरात सोसायटीचा एकच सॉना असतो आणि प्रत्येक घराला आठवड्यातला एक तास ठरलेला असतो. जिमशेजारची बंद खोली बघून मला तेच आठवतं. एकच जोडणी, एकच आरसीसीबी, एकच जबाबदार माणूस. वार्षिक सभेत कुणी हा विषय मांडला आणि तो मंजूर झाला, तर मी माझा अर्ज आनंदाने मागे घेईन. वेळापत्रकावरून होणारी भांडणं सोडवायला मात्र मला बोलावू नये.

तूर्त विनंती एवढीच की येत्या रविवारी सकाळी दहा वाजता समितीतल्या कुणीतरी मीटर रूमपाशी यावं. मी परवानाधारक कंत्राटदाराला घेऊन येतो. मुख्य केबल आणि बसबार (सगळ्या मीटरना वीज वाटणारी धातूची पट्टी) वाढीव भार पेलतात का, हे तो मोजून सांगेल. त्याची फी मी देईन. डक्टची किल्ली वॉचमनकडे नसते, सचिवांकडे असते. तेवढी आणायला सांगावी.

आपला विश्वासू,
सभासद, सदनिका बी-६०२