तीन रकान्यांची वही

मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं. पण वजनकाट्यावरून उतरून मान खाली घालून निघून जाणारे माझ्यासारखे खूप जण आहेत. त्यांच्याही कानावर हे पडावं म्हणून जाहीर लिहितोय.

वजन कमी करायला तुमच्याकडे आलो तेव्हा ते ११२ किलो होतं, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ३८ च्या पुढे. आधी तीन-चार डाएट चार्ट होऊन गेले होते. प्रत्येक ठिकाणी एकच ऐकलं, "जरा मनावर घ्या." एकांनी तर फाइलही न उघडता. तुम्ही पहिल्या दिवशी विचारलंत, "कधी खाता? आणि त्याच्या आधी काय झालेलं असतं?"

मग ती वही आली. वेळ, भूक दहापैकी किती, आणि नुकतंच काय घडलं. दोन आठवड्यांत माझं मलाच दिसलं. दिवसभर सगळं मापात, आणि रात्री अकरानंतर दिवा न लावता, ओट्यापाशी उभ्या उभ्या बिस्किटांचा अख्खा पुडा. भुकेच्या रकान्यात २. शेजारी जवळजवळ रोज ऑफिसचा फोन, नाहीतर आईच्या आजारपणाची काळजी.

ते पान वाचून तुम्ही एवढंच म्हणालात, "किती वर्षं हे एकटे ओढताय?" मला रडू आवरलं नाही. तुम्ही घाई केली नाहीत. त्याबद्दल आभार कसे मानू, खरंच कळत नाही.

ताण लांबला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढं राहू शकतं, गोड-तेलकटाची ओढ वाढते. झोप मोडली की भूक चेतवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन घटतं. हे तुम्ही कागदावर काढून दाखवलंत, तेव्हा कुठे स्वतःला दोष देणं थांबलं. आहार आणि चालणं सुटता कामा नये, ताण आणि झोपेवरचं हे काम फक्त त्यांच्या जोडीला, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत.

एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली मांडलेली स्नायू सैल सोडण्याची पद्धत तुम्ही शिकवलीत. मूठ घट्ट आवळायची, पाच सेकंद धरायची, सोडायची. मग दंड, खांदे, जबडा. खांद्यांपर्यंत आलो आणि लक्षात आलं, ते कित्येक वर्षं कानांशी चढवून ठेवलेत मी! त्या रात्री सलग सहा तास झोपलो.

आठ महिन्यांत ८ किलो उतरले. मधले दोन महिने काटा हललाच नाही, तरी तुम्ही आधी झोपेचीच चौकशी केलीत. मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली तरी रक्तदाब आणि साखरेला फायदा होतो, हे तुम्हीच सांगितलं होतंत. माझा रक्तदाब आता आटोक्यात आहे.

परवा रात्री पुन्हा तसाच फोन आला. वहीत लिहिलंय: ११.२०, भूक २, ऑफिस. खाली: दिवा लावला, पाणी प्यायलो, दहा मिनिटं श्वासाकडे लक्ष. झोपलो.

पुढच्या भेटीला वही आणतो.

आपला कृतज्ञ,
तुमचा एक पेशंट