डिपॉझिटमधून काय कापायचं आणि काय नाही

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं, माझी मीटिंग सुरू झाली आणि ती संपेपर्यंत तुम्ही झोपला असाल म्हणून परत केला नाही, तेव्हा म्हटलं सगळं लिहूनच काढावं. आई, तू सारखी विचारत होतीस ना जुन्या घराच्या डिपॉझिटमधून किती पैसे कापले म्हणून, आधी ते सांगते, मग बाबांशी वाकडच्या, आपण भाड्याने दिलेल्या फ्लॅटबद्दल बोलायचंय.

सनीवेलचं घर सोडायच्या आधी आम्ही इन्स्पेक्शन मागून घेतलं. कॅलिफोर्नियात भाडेकरूचा तो हक्कच आहे. घर सोडायच्या आधीच्या दोन आठवड्यांत मालकाचा माणूस येऊन बघून जातो, यायच्या ४८ तास आधी लेखी कळवतो आणि कशाकशाचे पैसे कापले जाऊ शकतात त्याची यादी देतो, म्हणजे तेवढं आपल्याला आपल्या हाताने करून घेता येतं. आमच्या यादीत काय, तर ओट्यावरचे हळदीचे डाग, शेगडीवरच्या जाळीचा चिकट थर, देवघराची फळी लावली होती तिथली मोठी भोकं आणि खिडकीच्या ब्लाइंडच्या तुटक्या पट्ट्या. हळद सोड्याचा लेप लावून रात्रभर ठेवला तेव्हा निघाली, भोकं पुट्टीने भरून पॉलिशपेपर मारला, पट्ट्या दुकानातून आणून बदलल्या. खर्च अगदी किरकोळ झाला, हेच त्यांनी केलं असतं तर तासाच्या मजुरीने लावलं असतं.

तरीही नंतर हिशेब आला त्यात अख्ख्या घराचा रंग आणि बेडरूमचं नवं कोरं कार्पेट, दोन्ही पूर्ण किमतीने. कार्पेटवर एका ठिकाणी इस्त्रीचा चटका होता, त्याचे पैसे द्यायला आमची ना नव्हती, पण पूर्ण कार्पेटचे का द्यायचे? इथल्या भाडेकरूंसाठीच्या सरकारी पुस्तिकेत उदाहरणच आहे, १० वर्षं टिकणारं कार्पेट ८ वर्षं वापरून झालेलं असेल आणि नवीन १००० डॉलरला येत असेल, तर उरलेल्या दोन वर्षांचे म्हणजे २०० डॉलरच कापता येतात. आमचं तर आम्ही राहायला यायच्या कितीतरी आधी घातलेलं. मी पत्र लिहून कार्पेट कधी घातलं ते विचारलं आणि फोटो मागितले, कारण १ एप्रिल २०२५ पासून पैसे कापायचे तर मालकाला फोटो द्यावेच लागतात. बिलं तर आधीपासूनच लागतात, दुरुस्ती-सफाईचा आकडा १२५ डॉलरच्या वर गेला की. हा सगळा हिशेब २१ दिवसांत द्यायचा असतो, आणि मालकाने मुद्दाम पैसे अडकवले असं कोर्टाला वाटलं तर डिपॉझिटच्या दुपटीपर्यंत जादा रक्कम द्यायला लावू शकतं, तेही मी सरळ लिहिलं. रंगाचे सगळे पैसे परत आले, कार्पेटचे थोडे कापले ते बरोबरच आहेत. तेव्हा आई, आता त्याची काळजी करू नकोस. नवीन घराला डिपॉझिट एकाच महिन्याचं आहे, जुलै २०२४ पासून बहुतेक मालकांना त्याहून जास्त घेताच येत नाही.

आता बाबा, तुमच्याशी. तुम्ही म्हणालात की वाकडचं जोडपं महिनाअखेर फ्लॅट सोडतंय आणि रंगकामाचे पैसे त्यांच्या डिपॉझिटमधून वळते करणार, सोसायटीत सगळेच करतात म्हणून. बाबा, तसं करू नका. रंग तुम्ही ते यायच्या आधी दिलेला, त्याला पाच वर्षं होऊन गेली, घर रिकामं असतं तरी आता नवा रंग आपल्याला द्यावाच लागला असता. त्यांच्या छोटीने हॉलच्या भिंतीवर खडूने रेघोट्या मारल्यात हे खरं, आणि रंग सहा महिन्यांचा असता तर मीही म्हटलं असतं घ्या पैसे, पण ज्या रंगाचं आयुष्यच संपलंय त्याची भरपाई काय मागायची?

आणि हे नुसतं अमेरिकेचं मी सांगत नाहीये. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा काढला, त्याच्या परिशिष्टात कामांची वाटणीच दिलीय, अॅग्रीमेंटमध्ये वेगळं ठरलं नसेल तर भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, वायरिंग हे मालकाकडे, आणि नळ, स्विच, कड्या-कुलपं, खिडकीच्या काचा, गीझरची दुरुस्ती भाडेकरूकडे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही हे मला माहितीय, पण वाटणी मला न्याय्य वाटते. म्हणजे बाल्कनीच्या दाराची तडकलेली काच त्यांची, तिचे पैसे बिल दाखवून खुशाल घ्या. गीझर तेवढा मी आपल्याकडे घेईन, वाकडला टँकर आणि बोअरचं पाणी, क्षार साचून कॉईल गेली त्यात त्यांनी काय केलं?

तुम्ही इतकी वर्षं त्यांच्याकडून वेळेवर भाडं घेतलंत, आईच्या ऑपरेशनच्या वेळी तोच मुलगा रात्री गाडी घेऊन आला होता. त्याला आता गावाकडे घर बांधायचंय, त्या पैशांची त्याला गरज आहे, आणि आपल्यासाठी ते रंगाचं एक बिल आहे. रंगाचे पैसे मी पाठवते, हे मनापासून सांगतेय, वाईट वाटून घेऊ नका.

फ्लॅट ताब्यात घ्यायला तुम्ही एकटे जाऊ नका, दादाला सोबत न्या. ते दोघं समोर असतानाच खोल्या बघा, प्रत्येक भिंतीचा, नळाचा, ओट्याखालचा फोटो काढा, मीटरचं रीडिंग आणि मेंटेनन्सची पावती बघा, काय कापणार ते तिथेच कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या, आणि उरलेली रक्कम त्याच आठवड्यात बँकेतून पाठवा. पुढच्या भाडेकरूच्या अॅग्रीमेंटला आत येतानाचे फोटो जोडूया, आणि रंग कोणाकडे ते एका ओळीत लिहूया. ड्राफ्ट मी करून पाठवते, रजिस्ट्रेशन मालकानेच करायचं असतं ते दादा बघेल.

आई, गुडघ्याचे व्यायाम चालू ठेव. रविवारी सकाळी तुमच्या नऊला फोन करते, तोपर्यंत बाबांनी काच लावणाऱ्याचा भाव काढून ठेवावा.

तुमची,
मनू