जुने पूल पाडायच्या आधी पोरांना ते शोधायला लावा

संपादक महोदय,

मुंबईतला कर्नाक पूल गेला, सायनचा गेला, प्रभादेवीचा गेला. पूल धोकादायक झाले होते, पाडावेच लागणार होते, त्याबद्दल तक्रार नाही, २०१८ला अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग कसा खाली आला ते आपण बघितलंय. पण कर्नाक १८६८चा होता, सायनचा १९१२चा, हे त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक होतं?

अमेरिकेत भावाकडे गेलो होतो तेव्हा पुतणीने जिओकॅशिंगचा नाद लावला. कोणीतरी डबा लपवतं, त्या जागेचे जीपीएसचे आकडे इंटरनेटवर टाकतं, आपण मोबाईल घेऊन शोधायचं, सापडला की आतल्या वहीत नाव-तारीख लिहून डबा होता तिथेच परत ठेवायचा. २००० साली मे महिन्यात तिकडच्या सरकारने सामान्यांच्या जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि एक-दोन दिवसांतच ओरेगॉनमध्ये पहिला डबा लपवला गेला, तिथून हा खेळ जगभर पसरला. या डब्यांच्या मागे फिरता फिरता आम्ही छपराचे जुने लाकडी पूल बघितले. छप्पर शोभेचं नाही बरं का, पाऊस आणि बर्फ लागून आतला लाकडी सांगाडा कुजू नये म्हणून ते घातलेलं, पत्रे-फळ्या खराब झाल्या की बदलता येतात पण सांगाडा एकदा गेला की पूलच गेला! न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट जोडणारा कॉर्निश-विंडसर पूल १८६६चा, त्यावरून आजही गाड्या जातात. आत शिरलं की फळ्यांची तिरकी जाळी, अंधार, लाकडाचा वास, आणि दारावर अजून ती पाटी, घोडे न पळवता चालवत न्या नाहीतर दोन डॉलर दंड. पुतणी ती पाटी दोनदा वाचून मग पुढे गेली, एरवी मोबाईलमधून डोकं वर काढत नाही ती.

मुंबईत रेल्वे पुलाखाली डबा लपवायचा विषयच नाही, बेवारस डबा दिसला तर लोक पोलिसांना फोन करणार आणि करायलाच हवा. पण या खेळात डब्याशिवायचा प्रकारही आहे, व्हर्च्युअल, म्हणजे जागेवर जाऊन बघितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही असा प्रश्न द्यायचा, बस. भायखळ्याचा एस ब्रिज आहे, चिंचपोकळीचा पूल आहे, फूटपाथवर उभं राहून दगड बघा, खांब मोजा, कुठे साल कोरलंय का शोधा. शाळांनी एका रविवारी एवढं केलं तरी खूप झालं, फक्त रुळांकडे कोणी फिरकायचं नाही हे पोरांना आधीच बजावून ठेवा.

आणि महापालिकेला, रेल्वेला एक विनंती, जुना पूल जिथे होता तिथे नव्या पुलाच्या कठड्यावर मराठीत पाटी लावा, आधीचा पूल कधी बांधला, कधी पाडला आणि एक जुना फोटो. कर्नाकच्या जागी आता सिंदूर पूल आहे, सुरुवात तिथूनच करा.

— एक वाचक, मुलुंड