बिनचूक म्हणजे निर्जीव नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उस्ताद झाकीर हुसेन यांना फेब्रुवारी २०२४ मध्ये एकाच सोहळ्यात तीन ग्रॅमी मिळाले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी ती बातमी कौतुकाने छापली आणि ते योग्यच झाले. माझी तक्रार त्या कौतुकाबद्दल नाही. अमेरिकेतल्या आशियाई कलावंतांची आपल्याकडे येणारी बातमी बहुतेक वेळा 'सातासमुद्रापार झेंडा' अशा मथळ्याने सुरू होते आणि तिथेच संपते. त्याच रंगमंचावर त्यांना काय ऐकून घ्यावे लागते ते वाचकापर्यंत पोहोचत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जून २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या संगीतसंस्थेच्या एका ऑनलाइन वर्गात घडलेला प्रसंग पाहावा. ख्यातनाम व्हायोलिनवादक पिंकस झुकरमन शिकवत होते आणि दोन तरुण बहिणी त्यांच्यापुढे वाजवत होत्या. वादन जरा जास्तच बिनचूक आहे, ते गाण्यासारखे वाटायला हवे, असे त्यांनी सांगितले. इथपर्यंत तो कोणाही गुरूच्या तोंडी शोभेल असा सल्ला होता. पुढे मात्र ते कोरियात लोक गात नाहीत यावर घसरले. आपण कोरियन नाही, आपले मूळ जपानी आहे, असे मुलींकडून कळल्यावर जपानमध्येही कोणी गात नाही असे उत्तर आले, आणि नंतर गाणे कोरियन माणसाच्या 'डीएनए'तच नाही, इथवर मजल गेली. संस्थेने त्या वर्गाचे चित्रीकरण प्रसिद्ध केले नाही, झुकरमन यांनीही माफी मागितली. ज्या कोरियात एक गायक आणि एक ढोलवादक मिळून तासन्‌तास कथा गातात, आणि त्या पानसोरी नावाच्या गायनाच्या बैठकीत आपल्याकडच्या कीर्तनाची आठवण व्हावी, त्या देशाबद्दल हे बोलले गेले.

या प्रसंगाचा मला राग येतो त्याहून अधिक ओळख पटते. मी स्वतः अनेक वर्षे व्हायोलिन शिकले आहे. पं. डी. के. दातार यांचे गायकी अंगाचे वादन ज्यांनी ऐकले असेल त्यांना व्हायोलिनचा गज गातो म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही, आणि माझ्या गुरुजींनीही 'सूर बरोबर आहे, पण गाणे कुठे आहे?' हा प्रश्न मला किती वेळा विचारला याची गणती नाही. पण त्या प्रश्नाचा अर्थ आणखी रियाज कर, आणखी ऐक, बंदिश आधी गळ्यातून काढ, असा असे. तुझ्या आजोबांच्या गावी कोणी गात नव्हते, तेव्हा तुला कसे जमणार, असा नसे. पहिल्या वाक्याने विद्यार्थी घरी जाऊन पुन्हा वाद्य हातात घेतो. दुसऱ्याने त्याच्या हाती करण्यासारखे काहीच उरत नाही.

दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीत माझ्या भाचीच्या मुलीचा कार्यक्रम ऐकायला गेले होते. शाळेच्या व्यायामशाळेत लोखंडी खुर्च्या मांडल्या होत्या, पोरीच्या काळ्या बाहीवर गजाला लावायच्या राळेची पांढरी पूड तशीच होती आणि तिने आपला छोटा एकल तुकडा मान वर न करता, पण खरोखर रंगून वाजवला. नंतर एक प्रौढ बाई अगदी हसतमुखाने पुढे आल्या आणि तिच्या आईला म्हणाल्या, 'तुमच्या लोकांत मुलांना रोज किती तास बसवतात?' त्यांच्याच शेजारी उभ्या असलेल्या गोऱ्या मुलाला, ज्याने माझ्या कानाने तरी जेमतेम वाजवले होते, त्यांनी 'किती मनापासून वाजवलेस' अशी दाद दिली. बाईंच्या मनात वाईट काही नसावे. आमच्या पोरीने गाडीत बसल्यावर फक्त एवढेच विचारले, की मी मनापासून वाजवले असे दिसले नाही का?

अज्ञान आणि वंशभेद यांत मी फरक करते. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पं. रविशंकर आणि साथीदार वाद्ये जुळवत होते, तेव्हा श्रोत्यांनी तेच वादन समजून टाळ्या वाजवल्या. तुम्हाला जुळवणे एवढे आवडले असेल तर वादन अधिक आवडेल, असे पंडितजी हसत म्हणाले आणि मैफल पुढे गेली. ते अज्ञान होते. ऐकत गेले की ते जाते. 'बिनचूक, पण निर्जीव' हा शेरा मात्र ऐकण्याआधी, चेहरा पाहूनच तयार असतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की मुंबईचे झुबिन मेहता १९६२ ते १९७८ लॉस एंजलिसचे आणि पुढे १९९१ पर्यंत न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे प्रमुख संचालक होते, जपानचे सेइजी ओझावा १९७३ पासून २००२ पर्यंत बोस्टनला त्याच पदावर होते, मग भेदभाव कुठे आहे? वादकांच्या खुर्च्या पाहिल्या तर आक्षेपात तथ्यही वाटते, कारण २०१४ साली अमेरिकी वाद्यवृंदांत आशियाई वादकांचे प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे लोकसंख्येतील त्यांच्या वाट्याहून अधिक होते. पण ही निवड कशी होते ते पाहावे. निदान सुरुवातीच्या फेऱ्यांत उमेदवार पडद्याआड बसून वाजवतो आणि परीक्षकांना फक्त सूर ऐकू येतो. संचालक, एकल वादक किंवा ऑपेरातील नायक-नायिका निवडताना असा पडदा नसतो, आणि नेमकी तिथेच आशियाई नावे विरळ होत जातात. मेहता आणि ओझावा ही दोनच नावे आपण पन्नास वर्षे उदाहरणादाखल देत आहोत. ऑपेरात आशियाई गायिकांची तक्रार तर आणखी निराळी आहे, की पुचिनी या इटालियन संगीतकाराच्या ऑपेरातील जपानी नायिका बटरफ्लाय गायला त्यांना हमखास बोलावणे येते, इतर भूमिकांसाठी मात्र आठवण होत नाही.

लोकप्रिय संगीतात हाच प्रकार कमी आडपडद्याने चालतो. १९६३ मध्ये क्यू साकामोतो यांचे जपानी गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. आसवे ओघळू नयेत म्हणून मी वर पाहत चालतो, अशा आशयाच्या त्या गाण्याचे मूळ नाव विक्रेत्यांना अवघड वाटले म्हणून ते 'सुकियाकी' या नावाने विकले गेले. सुकियाकी हा मांसाचा एक पदार्थ आहे, त्याचा गाण्याशी काडीचाही संबंध नाही. आपल्या एखाद्या विरहगीताची तबकडी परदेशात 'पांढरा रस्सा' म्हणून खपवावी, तसे हे झाले.

मायामीत जन्मलेला चिनी वंशाचा रॅपर जिन २००२ मध्ये दूरचित्रवाणीवरील रॅपच्या जुगलबंदीत उतरला, तेव्हा प्रतिस्पर्धी त्याच्या डोळ्यांवर आणि खाण्यावर यमके जुळवत होते. त्याने लागोपाठ सात आठवडे स्पर्धा जिंकली. बीटीएस या कोरियन गटाने मार्च २०२१ मध्ये, मुख्यतः आशियाई वंशाच्या महिलांचा बळी घेणाऱ्या अटलांटातील हत्याकांडानंतर काढलेल्या निवेदनात, दिसण्यावरून आपली टिंगल झाल्याचे आणि आशियाई असून इंग्रजी का बोलता असे आपल्याला विचारले गेल्याचे नमूद केले. जगभर गाजणाऱ्यांची ही गत असेल, तर शाळेच्या व्यायामशाळेतल्या पोरीची काय सांगावी?

या शेऱ्यांना उलट अंगावर घेण्याचा प्रयत्न पोर्टलंडच्या सायमन टॅम यांच्या 'द स्लँट्स' या बँडने केला. तिरप्या डोळ्यांवरून दिली जाणारी शिवीच त्यांनी नाव म्हणून घेतली. असे नाव समाजाचा अवमान करते म्हणून सरकारी कार्यालयाने ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदवायला नकार दिला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९ जून २०१७ रोजी आठही न्यायमूर्तींनी टॅम यांच्या बाजूने निकाल दिला. मात्र त्याच निकालाने वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाला मूलनिवासींना शिवी असलेले आपले नाव राखणे सोपे झाले. म्हणून या विजयाचे निर्भेळ कौतुक मला करवत नाही. तरी आपल्या नावाने काय म्हणायचे हे ठरवण्याचा हक्क मागायला वादकांना इतकी वर्षे कोर्टाची पायरी चढावी लागली, हे विसरता येत नाही.

आपल्या वृत्तपत्राकडे माझी मागणी लहान आहे. अमेरिकेत वाजवणाऱ्या एखाद्या मराठी वा भारतीय कलावंताची मुलाखत घ्याल तेव्हा पुरस्कार आणि दौऱ्यांबरोबर हेही विचारावे, की तिथे तुमच्या वादनावर मिळालेली कोणती दाद तुम्हाला खटकली आणि त्या वेळी तुम्ही काय उत्तर दिले. त्याचे उत्तर आमच्या घरातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीला वाचून दाखवायचे आहे.

आपली,
एक नियमित वाचक, डोंबिवली