तिकीट काढून गाणे ऐकावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत, मैफली भरवणे थांबवत असलेल्या आपल्या आयोजकांवर लेख छापलात, त्याबद्दल आभार. नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यात त्यांना ‘हौसेखातर कार्यक्रम करणारा अवलिया’ म्हटले आहे, ते वाचून कालपासून मन शांत नाही. तो त्यांचा व्यवसाय होता, घर त्यावरच चालायचे. गायकाचा बयाणा, साथीदारांचे मानधन, सभागृहाचे भाडे, ध्वनिव्यवस्था, पाहुण्या कलाकारांची मुंबई-पुण्याहून ने-आण आणि मुक्काम; पहिले तिकीट विकण्याआधी हे पैसे खिशातून गेलेले असायचे. मागे संस्था नाही, पक्ष नाही. तिकीट पाचशेच्या वर गेले की जीएसटी लागतो, म्हणून दर कायम त्याच्या आत. अशा दरात खुर्ची न् खुर्ची विकली गेली तरच हाती काही उरते.

आणि इथे खुर्च्या सन्मानिकांवर, म्हणजे फुकट पासांवर, जातात. मी निवृत्त शिक्षिका. त्यांच्या कार्यक्रमांना दाराशी तिकिटांच्या टेबलावर बसत असे, म्हणून हे सांगू शकते. बंगला आहे, गाडी आहे, पण ‘दोन पास ठेवा हं’ असा निरोप हमखास यायचा.

एक हिवाळी संध्याकाळ मी विसरू शकत नाही. परवानगीचा कागद ज्या टेबलावर अडला होता, तिथूनच आदल्या दिवशी पुढच्या तीन रांगा मागितल्या गेल्या. दिल्या, करणार काय? कार्यक्रम सहाचा होता. गाणाऱ्या बाई मारवा या सूर्यास्ताच्या रागाने सुरुवात करणार होत्या, तानपुरे लावून तयार होत्या. प्रमुख पाहुणे आले सातनंतर. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, भाषण. मारव्याची वेळ केव्हाच टळली होती. बाईंनी मुकाट्याने यमन घेतला, आणि सुरुवातीचा संथ, विलंबित ख्याल संपायच्या आत पुढच्या रांगांतली माणसे उठून निघूनही गेली. तिकीट काढून ओझरहून आलेले एक कुटुंब, आजोबांसकट, मागे भिंतीला टेकून उभे होते. आजोबांना मी पुढे नेऊन बसवले, तर तिथल्या कार्यकर्त्याने त्यांना उठवले. माझ्यासमोर उठवले. रिकामी खुर्ची होती ती!

दहा वाजता सभागृहाच्या माणसाने दिवे घालवायला सुरुवात केली. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत बंद सभागृहाला दहाच्या बंदीतून सूट आहे, हे आयोजक त्याला समजावत राहिले. व्यर्थ. मैफलीची सांगता करणारी भैरवी झाली नाही. बाईंचे पाकीट मात्र त्यांनी पूर्ण भरून दिले.

तिकीट लावले की ‘कलेचा धंदा मांडला’ म्हणणारे या गावात पुष्कळ आहेत. त्यांना आठवण द्यावीशी वाटते. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातले गाणे तिकीट लावून सामान्य माणसापर्यंत नेणाऱ्यांत पं. विष्णु दिगंबर पलुसकर अग्रणी होते. 1901 मध्ये लाहोरला काढलेले गांधर्व महाविद्यालय त्यांनी जाहीर मैफलींच्या पैशांतून उभे केले. त्यांचा रामनाम आधार आश्रम याच नाशकात होता. पिंपळपारावरची पाडवा पहाट, दिवाळी पाडव्याची पहाटेची मैफल, विनामूल्य असते आणि ती तशीच राहो, मीही पहाटे उठून जाते. पण वर्षभर स्वतःच्या जोखमीवर गाणे आणणाऱ्याने फुकट का आणावे?

आता थोडे आपल्याबद्दलही. त्या मैफलीनंतर वर्तमानपत्रांत दीपप्रज्वलनाचा फोटो आला, समईभोवती सात माणसे. बाईंनी काय गायले, याचा एक शब्द नाही. तबलजींचे नाव चुकलेले. तिकिटाच्या कार्यक्रमांची साधी सूचना छापायची तर आधी जाहिरात द्या म्हणतात, आणि वार्ताहरासाठी पास मागवतात तो वेगळाच.

कॉलेज रोड परिसरात काही तरुण मुले-मुली आता छोट्या बैठका तिकीट लावून करू लागली आहेत. त्यांच्या कार्यक्रमांची तारीख, वेळ आणि तिकीट कुठे मिळेल हे आपण दर आठवड्याला विनामूल्य छापावे, आणि आपल्या वार्ताहराला तिकीट काढून पाठवावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक