कॉफीच्या मळ्यांची मोजणी तोडणीआधी व्हावी

महोदय,

कॉफीचा भाव वाढल्याच्या बातमीत मळेवाल्यांची चांदी झाली, असाच सूर असतो. २०२४ मध्ये लंडनच्या बाजारात रोबस्टा जातीची कॉफी टनाला पाच हजार डॉलरच्या वर गेली, हे खरेच. पण तो भाव कोडगू, चिक्कमगळूरु, वायनाडच्या छोट्या बागायतदाराच्या हाती पुढेही पडायचा तर त्याच्या मळ्याचा नकाशा तयार हवा.

आपली बहुतेक कॉफी निर्यात होते आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक इटली. युरोपीय संघाचा जंगलतोडविरोधी नियम दोनदा पुढे ढकलला गेला. मोठ्या आयातदारांना तो डिसेंबर २०२६ अखेर लागू होईल. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेल्या लागवडीचा माल तिथे चालणार नाही. भारत संघाच्या कमी जोखमीच्या देशांच्या यादीत आहे, म्हणून काही करायला नको, हा समज चुकीचा आहे. लागवडीच्या प्रत्येक तुकड्याचे अक्षांश-रेखांश द्यावेच लागतात, तेही दशांशानंतर सहा स्थळांपर्यंत. चार हेक्टरपर्यंत एक बिंदू पुरतो, त्यापुढे पूर्ण हद्द.

चुका इथेच होतात. मळ्यात सावलीसाठी लावलेल्या सिल्व्हर ओक झाडांच्या दाट छायेत मोबाइलचा बिंदू भरकटतो. तो उघड्यावर, थोडे थांबून घ्यावा. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली तर कोडगूचा मळा नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसतो. मोठा धोका सावलीचाच आहे. उपग्रहाला सावलीतली कॉफी जंगलच वाटते, आणि पुढे झाडे छाटली की जंगलतोड! म्हणून २०२० पूर्वीची पहाणी (कर्नाटकातला सातबारा), कॉफी बोर्डाची नोंदणी आणि झाडतोडीचे परवाने एकत्र जपून ठेवावेत.

गावचा व्यापारी दहा जणांचा माल एकाच ढिगात ओततो. त्यात एक पोते बिननोंदीचे निघाले तरी अख्खा ढीग युरोपसाठी बाद. पोत्यावर सर्व्हे नंबरची चिठ्ठी आणि वेगळी थप्पी, एवढी शिस्त खरेदीच्या दिवसापासूनच हवी.

आपली जवळजवळ सगळी कॉफी सावलीत पिकते. हे आपले खरे बळ, पण पुराव्याशिवाय त्याला दाम मिळत नाही. दोन-तीन एकरवाल्याला हे एकट्याने झेपणारे नाही. अरेबिका या दुसऱ्या जातीची तोडणी नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते. त्याआधी कॉफी बोर्डाने आणि बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी गावोगावी मोजणी करून नकाशाची प्रत शेतकऱ्याच्याच हाती द्यावी. ती व्यापाऱ्याकडे राहिली, तर शेतकरी त्याच्याच दारी बांधला जाईल.

– एक वाचक, कोल्हापूर