या आठवड्यातील स्मरणदिन : १४ ते २० एप्रिल

सर्व सभासदांस सविनय सूचना.

१४ एप्रिल रोजी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती आहे, हे सर्वांना ठाऊकच आहे. त्याच तारखेला, १९४४ साली, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली; कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकाच जहाजात भरलेली असल्याने दुपारी चारनंतर जे दोन प्रचंड स्फोट झाले, त्यांत गोदीबरोबरच लगतची वस्तीही उद्ध्वस्त झाली आणि आग विझवताना अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी प्राण गमावले. देशभरातील अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ पाळला जातो. या घटनेची आठवण आपल्याकडे फारच कमी ठेवली जाते, असे मला मनापासून वाटते.

१५ एप्रिल १९१२ रोजी ‘टायटॅनिक’ अटलांटिक महासागरात बुडाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला देशातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी धावली.

ज्यांच्या घरी गोदीतील स्फोटाच्या कौटुंबिक आठवणी, पत्रे किंवा छायाचित्रे असतील, त्यांनी ती येत्या बैठकीस अवश्य आणावीत; ज्येष्ठ सभासदांनी ऐकलेले प्रसंग सांगितल्यास त्यांची नोंद करून ठेवली जाईल.